पाड्यावरची कोंबडी आणि पिंपरीचे औषध

त्र्यंबकेश्वराभोवतालच्या महादेव कोळी, वारली व ठाकर पाड्यांवर जी गावठी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या अंगण उकरीत वाढली आणि नवसाला वा पाहुण्याच्या सत्काराला कापली गेली, तिला औषधाचा स्पर्श क्वचितच होई. मरीची साथ आली की खुराडी ओस पडत. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो मनुष्यांचे प्राण रक्षावे या उदात्त हेतूने. पुढे मात्र ब्रॉयलरचा व्यवसाय फोफावला, आणि एका छपराखाली कोंडलेल्या हजारो पक्ष्यांचे वजन सहा आठवड्यांत वाढावे म्हणून अशीच प्रतिजैविके खाद्यातून अल्प मात्रेत देण्याचा प्रघात पडला. त्या मात्रेने दुर्बळ जंतू नष्ट होतात, चिवट तेवढे उरून वंश वाढवितात. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर रुग्णालयांतील अखेरचे अस्त्र. त्यालाही न जुमानण्याचे बळ देणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक चीनमध्ये आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले, तरी पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिन वापरण्यास मनाई करणारा केंद्र सरकारचा हुकूम जुलै २०१९ मध्ये निघाला. हा विलंब मला अक्षम्य वाटतो. कोंबडीचा रस्सा नीट शिजला की त्यातील असे चिवट जंतूही मरतात खरे, परंतु कच्चे मांस चिरलेल्या सुरीवरून व पाटावरून ते कोशिंबिरीत सहज उतरतात.