सीमाभागातील मराठी : अशुद्ध की स्वतंत्र?

बेळगावची मराठी म्हटली की मराठी वाचकाला पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’ हटकून आठवतात. ते व्यक्तिचित्र अजोडच. परंतु त्यामुळे नकळत एक गैरसमजही रूढ झाला. कानडी मातृभाषेच्या माणसाने जिव्हाळ्याने बोललेली मराठी आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणाऱ्या घरातील मराठी या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीत लिंगवचनाची गल्लत होते आणि ती माणसागणिक बदलते. दुसरीला स्वतःचे नियम आहेत.

‘काय करूलालास?’ हा प्रश्न पुण्याच्या कानाला कानडी वाटतो. वस्तुतः ‘करू लागला आहेस’ याचेच ते आटलेले रूप दिसते. कोल्हापूरकडील ‘करायलाय’ हे त्याचे सख्खे भावंड. चंदगडातही हेच वळण आढळते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. बोलीने ती रेषा मानली नाही. निपाणीची मराठी तर कागल-कोल्हापूरशीच अधिक मिळतीजुळती. तेव्हा जिला सरसकट ‘सीमाभागाची बोली’ म्हटले जाते, ती सीमेहून जुनी आहे आणि एकच एक नाही.

कानडीचा संस्कार मुळीच नाही, असे नव्हे. पण अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द पुणेकरांच्या घरातही आहेतच! संस्कार शब्दांपेक्षा खोल कसा जातो, हे गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडच्या अभ्यासातून दाखविले. तेथील कानडी, मराठी व उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले. वाक्यरचना मात्र जवळजवळ एक झाली. १९५६ नंतरची भर आहे ती कचेरीची. कागलचा शेतकरी ‘सातबारा’ काढतो, निपाणीचा ‘पहणी’.

युरोपात इंग्रजीविषयी असाच वाद आहे. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, इंग्रजी मात्र तेथे राहिली. संघाच्या लेखापरीक्षण न्यायालयात २०१३ मध्ये अशा खास कचेरी-इंग्रजीतील शब्दांची यादीच तयार झाली. ‘अॅक्च्युअल’ हा शब्द तेथे ‘सध्याचा’ या अर्थी सर्रास वापरला जातो. पण आयर्लंड व माल्टा वगळता ती तेथे मुख्यतः कामकाजाचीच भाषा. तिच्यात अंगाई गाणारे विरळा. बेळगावची मराठी घरची आहे. तिच्या रूपांवर मुलाला टोकणारी आजीही त्याच बोलीत टोकते. स्वतंत्र बोली म्हणण्यास याहून वेगळा पुरावा कोणता हवा?

लेखनाची गोष्ट निराळी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. बेळगाव त्या शासनाखाली नव्हते, तरी येथील छापील मराठी त्याच नियमांनी चालते. वहीत ‘करूलालाय’ लिहिणाऱ्या मुलाला अशुद्ध ठरविताना याच नियमांचा दाखला दिला जातो. त्या नियमांत मात्र पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहिण्याची स्पष्ट मुभा आहे.