फिल्टर झटकण्याची सवय आली कुठून?

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि विषय सुचत नाही. अशा वेळी बरेच जण ‘मराठवाड्यातील शेतीचे यांत्रिकीकरण : एक अभ्यास’ असा ऐसपैस विषय घेऊन बसतात आणि सहा महिन्यांनी त्यात बुडतात. आज आपण उलट्या बाजूने जाऊ. घनसावंगीतल्या कुठल्याही गॅरेजवर दिसेल अशी एक साधी क्रिया घेऊ आणि तिच्यातून इतिहासाचा प्रश्न कसा तयार होतो ते बघू.

क्रिया अशी. कारचे बॉनेट उघडते. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा निघतात, घड्याघड्यांचा कागदी फिल्टर बाहेर येतो. मेकॅनिक तो टायरवर दोन-तीनदा आपटतो, कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि परत बसवतो. गाडीसोबत आलेले पुस्तक मात्र सांगते की ठरावीक किलोमीटरनंतर फिल्टर बदला, धुळीच्या भागात त्याआधीच बदला. तरीही फिल्टर बदलण्याआधी अनेकदा झटकला जातो. का?

‘अज्ञान’ हे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने लगेच बाजूला ठेवावे. अज्ञान म्हटले की शोध तिथेच थांबतो. त्याऐवजी असे विचारा : ही कृती कधी काळी, कुठल्या तरी यंत्रासाठी बरोबर होती का?

आधी यंत्राची गरज समजून घेऊ. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण ९,००० लिटर हवा लागते. आता घनसावंगीचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. काळ्या रानातला फुफाटा, गोदाकाठच्या गावांतून उसाच्या ट्रॉल्या गेल्यावर कच्च्या रस्त्यावर तरंगत राहणारा धुरळा. हीच हवा इंजिनात जाते. तिच्यातली बारीक धूळ ऑईलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखे काम करते. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजतात, इंजिन ऑईल खायला लागते आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. हप्ते चालू असलेल्या गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे इंजिन खोलणे म्हणजे घरचा सगळा हिशेब कोलमडणे.

फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीला एअर फिल्टरच नव्हता. रानात, धुळीत चालणाऱ्या ट्रॅक्टरला मात्र ही चैन परवडणारी नव्हती. म्हणून १९१७ मध्ये आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये हवा पाण्यातून धुऊन घेण्याची सोय होती. पुढे ‘ऑईल बाथ’ क्लीनर रूढ झाला. यात तळाशी तेलाची वाटी असते. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलावर आदळून एकदम वर वळते. जड धूळ वळू शकत नाही, ती तेलात अडकते. उरलेली धूळ वरच्या तेलकट जाळीत सापडते.

आपल्याकडे हा क्लीनर जीप आणि ट्रॅक्टरसोबत आला. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत त्यांची ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर आला. या जीपला आणि ट्रॅक्टरला ऑईल बाथच होता. त्याची शिस्त कडक असते. धुळीचे काम असेल तर रोज वाटी उघडायची, गाळ साचला असेल तर तेल ओतून टाकायचे, वाटी आणि जाळी डिझेलने धुवायची, खुणेपर्यंत नवे तेल भरायचे. इथे ‘जितके साफ तितके चांगले’ हा नियम शब्दशः खरा आहे. धुतलेली जाळी नव्यासारखीच काम करते.

कागदी फिल्टर अमेरिकेत १९५० च्या दशकात मोटारींमध्ये येऊ लागला. आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० नंतर तो मध्यमवर्गाच्या दारात पोचला. त्याचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. सुरुवातीची धूळ कागदावर बसते आणि तो थरच पुढची बारीक धूळ अडवायला मदत करतो. म्हणजे थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा धूळ जास्त चांगली पकडतो! तो आपटला की घड्या दबतात, कडेचे रबर सुटते. जोरात हवा मारली की डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. डिझेलने धुतला तर कागद कामातूनच जातो. जी काळजी ऑईल बाथला वाचवत होती, तीच कागदाला मारते.

इथे आपले गृहीतक तयार झाले : फिल्टर झटकण्याची सवय ऑईल बाथच्या काळात शिकली गेली आणि यंत्र बदलल्यावरही हातात राहिली.

पण थांबा. एकच कारण धरून लिहिलेला सिनॉप्सिस तोंडी परीक्षेत टिकत नाही. पर्यायी कारणे मांडा. पहिले, पैसा : १९९१ च्या आधीच्या परवाना काळात सुटे भाग जपून वापरणे भागच होते. दुसरे, पुस्तकातले मोघम शब्द. ‘धुळीचा भाग’ म्हणजे नेमका किती धुळीचा? फिल्टरच्या चाचणीसाठी जगभर वापरली जाणारी प्रमाणित धूळ मुळात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली. अंबड-घनसावंगीच्या रस्त्यावर किती दिवसांनी काय करायचे, हे शेवटी मेकॅनिकलाच ठरवावे लागले.

आता या कारणांची परीक्षा कशी घ्यायची? कारण पैसा असेल, तर स्वस्त फिल्टर फेकला जाईल आणि महाग तेवढा झटकला जाईल. कारण जुनी सवय असेल, तर किमतीने फरक पडणार नाही. पण ट्रॅक्टरवर हात बसलेला मेकॅनिक आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शिकलेला मेकॅनिक यांच्या वागण्यात फरक दिसेल. पुराव्याने खोटे ठरू शकेल असे काहीतरी आधी लिहून ठेवणे, गृहीतकाला एवढे तरी लागतेच.

अशी सवय एकटी नसते, जोडीची उदाहरणे शोधा. ‘फिल्टर साफ करा, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हा सल्ला घ्या. कार्बुरेटरच्या गाडीत तो खरा होता. हवा कोंडली की मिश्रणात पेट्रोल जास्त होई आणि काळा धूर निघे. पुढे फ्यूएल इंजेक्शन आले आणि हवा मोजून तेवढेच पेट्रोल सोडणारी यंत्रणा बसली. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासले, तेव्हा अशा पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबल्याने मायलेजवर फारसा परिणाम दिसला नाही. गाडीची ओढ मात्र कमी झाली. कार्बुरेटर गेला, सल्ला राहिला.

साधनांचे काय? जुना फिल्टर भंगारात जातो, त्याचे दप्तर कुणी ठेवत नाही. म्हणून आजूबाजूने जावे लागते. जुन्या ट्रॅक्टरांची माहितीपुस्तके बघा. पशुगणनेचे अहवाल बघा. त्यांत जनावरांसोबत शेतीची यंत्रेही मोजलेली सापडतात. प्रशासकीय सीमा मात्र आधी पाठ करा. जालना जिल्हा १ मे १९८१ चा; घनसावंगी तालुका त्याच्याही नंतरचा. त्याआधीची आकडेवारी औरंगाबाद जिल्ह्यात, अंबड तालुक्याखाली शोधावी लागेल, आणि १९४८ च्या मागे गेलात तर हैदराबाद संस्थानाच्या कागदांत.

आणि मुलाखती घ्या. ‘तुम्ही फिल्टर का आपटता?’ असे विचारले तर समोरचा माणूस आपला बचाव करू लागेल. ‘मामा, तुम्ही सगळ्यात आधी कुठलं इंजिन खोललं होतं?’ असे विचारा आणि वही उघडी ठेवा. वय झालेल्या मेकॅनिककडे यंत्रांच्या तीन पिढ्यांची आठवण असते आणि ती कुठल्याही अभिलेखागारात नाही. ही माणसे हळूहळू कमी होत आहेत, म्हणून हे काम ‘पुढच्या वर्षी’वर टाकू नका.

सिनॉप्सिसमध्ये एवढेच लिहा : ‘१९६३ नंतर घनसावंगी परिसरात इंजिनाच्या देखभालीचे ज्ञान कुणी, कुणाला, कुठल्या यंत्रावर शिकवले?’ यांत्रिकीकरणाचा तो ऐसपैस विषय याच वाटेने आत येईल.

तोवर घरच्या गाडीचा फिल्टर काढून उजेडासमोर धरा. कुठे फाटलेला, छिद्र पडलेला किंवा पूर्ण काळवंडलेला दिसला तर हवा न मारता सरळ नवा टाका.