मोड आणि भाकरी

गेल्या पौषात माझी धाकटी मुलगी पुण्याहून माहेरपणाला सोलापुरास आली. कडेवर नऊ महिन्यांचा लेक आणि पिशवीत एक पाव. पाव म्हणजे आपण चहात बुडवून खातो तो पांढरा, कापसासारखा पाव नव्हे. हा विटेच्या रंगाचा, हातात घेतला तर वजन जाणवावे असा. मोड आलेल्या गव्हाचा पाव म्हणून तो हल्ली शहरांतून चांगल्या किमतीला विकला जातो, असे तिने सांगितले. सकाळी तिने त्याचे काप तव्यावर शेकून सर्वांना दिले. पहिल्या घासाला तो जरा ओलसर आणि भरड लागला. पण चावू लागताच तोंडात एक मंद गोडी पसरली. माझ्या आईचे वय अठ्ठ्याऐंशी. तिने तुकडा दुधात भिजवून तोंडात टाकला आणि विचारले, ''गूळ घातलाय का गं यात?''

''नाही आजी, ही गव्हाचीच गोडी आहे.''

मग मुलगी माझ्याकडे वळली. ''बाबा, तुम्ही इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवलात. मला सांगा, आपण मटकीला मोड आणतो, मुगाला आणतो, हुलग्याला आणतो. मग ज्वारीला आणून तिची भाकरी का करीत नाही? सोलापूरकरांना हे कधी सुचलेच नाही का?''

प्रश्न साधा होता, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलीने मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. तिने त्याच रात्री दोन वाट्या ज्वारी भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब चांगले बोटाच्या पेराएवढे वाढले होते. ते वाळवून, दळून लेकाला खीर करून घालावी, असा तिचा बेत होता. फडके सोडलेले पाहताच आई ओट्याजवळ आली आणि एकदम म्हणाली, ''अगं, हे लेकराला घालू नकोस! किराळ लागते, ठाऊक नाही का?''

त्या एका शब्दाने माझ्या डोक्यात भुंगा सोडला. पुढचे काही आठवडे मी याच प्रश्नामागे लागलो. हाती जे लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम त्या गोडीचे मर्म पाहू. धान्याचा दाणा म्हणजे निजलेले रोप आणि त्याच्या उशाला बांधून ठेवलेली शिदोरी. शिदोरी बहुतांशी पिठूळ पदार्थाची असते. पाणी मिळाले की अंकुर जागा होतो आणि दाण्याच्या सालीखालच्या थराला निरोप धाडतो. तो थर पाचक द्रव्ये सोडतो आणि पिठाचे साखरेत रूपांतर सुरू होते. आईला लागलेला गूळ तो हाच. याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. दाण्यातले लोह आणि जस्त फायटिक आम्लाने जखडून ठेवलेले असते. मोड येताना हे आम्ल काही अंशी फुटते आणि ती खनिजे अंगी लागणे सोपे होते. काही ब-जीवनसत्त्वेही वाढतात. तेव्हा मोडाच्या पावाचे कौतुक अगदीच पोकळ नाही. पण गव्हात जो चिकट अंश असतो तो ज्वारीत नसतो, आणि इथेच भाकरीचे निराळे शास्त्र सुरू होते.

भाकरी उभी राहते ती पिठाच्या विरीवर. सुगरण ऊन पाण्यात पीठ मळते, त्याने पिठातला काही भाग शिजून चिकट होतो, आणि त्या चिकटपणाच्या बळावर काटवटीत भाकरी हातभर वाढते. तव्यावर तिच्यावर पाण्याचा हात फिरवला, उलटून निखाऱ्यावर धरली, की पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. पीठ शिळे झाले तरी विरी जाते, भाकरीला चिरा पडतात आणि थापणारी सून उगाच बोलणी खाते. मग मोड आलेल्या ज्वारीची काय कथा! ज्या पिठाने चिकटायचे, त्याचीच साखर झालेली. अशी भाकरी थापताना फाटते, आणि भाजली तरी आतून गिच्च राहते. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी वाळवून महिनेच्या महिने ठेवतात आणि शेंगाच्या चटणीबरोबर मोडून खातात. तीही या पिठाची होणे नाही.

म्हणूनच ज्वारीला मोड येणे ही सोलापूरच्या शेतकऱ्याला चैन वाटली नाही, आपत्ती वाटली. आमची ज्वारी रब्बीची. भाद्रपद-आश्विनात पेरायची, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाढवायची, आणि माघ-फाल्गुनात कोरड्या उन्हात काढायची. दाणा मोत्यासारखा पांढरा राहतो तो या कोरड्या हवेमुळे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी आजही भाकरीसाठी नावाजली जाते ती याच गुणामुळे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उलट ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली, तर दाणा कणसातच काळा पडतो, कधी कधी तिथेच मोड धरतो. पेवात पाणी शिरले तरी तीच गत. त्याच मंगळवेढ्यात बहामनी अमलात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे दुष्काळातल्या रयतेसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. कोठार खुले करून माणसे वाचतात ती केव्हा? आतला दाणा निजलेला असेल तेव्हा. ज्या मुलखात तीन वर्षांतून एक वर्ष पाऊस दगा देतो, तिथे दाणा जागा न होऊ देणे हेच शहाणपण होते.

आता किराळ. मृगाचा पाऊस पडून उघडीप झाली, की ज्वारीच्या जुन्या बुडख्यांना कोवळे पोंगे फुटतात. भुकेले जनावर ते खाते आणि पाहता पाहता धापा टाकीत आडवे होते. याला आमच्याकडे किराळ लागणे म्हणतात. माझ्या आजोबांची एक गाय अशीच गेली, आणि आईने ती लग्न होऊन आलेल्या वर्षीच डोळ्यांनी पाहिली. याचे कारण शास्त्रज्ञांना १९०२ साली उमगले. डन्स्टन आणि हेन्री या दोघांनी कोवळ्या ज्वारीतून एक द्रव्य वेगळे काढले. त्यातून सायनाइडचे जहर सुटते. ज्वारीच्या 'धुरा' या अरबी नावावरून त्याला धुरिन म्हणतात. गंमत अशी, की पक्क्या कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसते. पण दाणा भिजून कोंब फुटला, की कोंबात ते भराभर वाढते. म्हणून ज्या देशांत ज्वारीला मोड आणून पीठ करतात, तिथे दाणे नीट वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून टाकतात. माझ्या आईने रसायनशास्त्राचे एकही पुस्तक उघडलेले नाही. तिने गाय पाहिली होती, आणि कोंब ओळखला होता.

मग मोडाचे महत्त्व आपल्या लोकांना कळलेच नव्हते का? कळले होते, पण त्यांनी मोडाला त्याची जागा नेमून दिली होती. ती जागा म्हणजे भाकरी नव्हे, भाकरीशेजारची उसळ. या उसळीची किंमत कळायला मात्र एक युद्ध व्हावे लागले.

पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनला मेसोपोटेमियात टायग्रिस नदीकाठी कुत-अल-अमारा येथे तुर्की फौजेने वेढले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. आत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रसद तुटली. भाजीपाला नाही, फळ नाही. हिंदी शिपायांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या, पायांतले बळ गेले. हा स्कर्व्ही रोग. वेढ्याबाहेरच्या हिंदी फौजेलाही त्या मोहिमेत त्याने ग्रासले. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक या विदुषी त्या वेळी याच रोगाचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले आणि १९१९ साली निष्कर्ष मांडला : कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीला रोखणारा गुण जवळजवळ नसतो, परंतु तेच भिजवून दोन दिवस मोड आणले की तो उत्पन्न होतो. त्या गुणालाच आज आपण क-जीवनसत्त्व म्हणतो. फौजेला जो डाळ-शिधा मिळत होता तो कोरडा होता, आणि भरडलेल्या डाळीला मोड येत नाही. अख्खे मूग, अख्खी मटकी, पाणी आणि एक ओले फडके मिळाले असते, तर कित्येकांचे हाल वाचते. त्या जवानांच्या घरी, सातारा-कोल्हापुराकडच्या चुलीवर, मोडाची उसळ त्याही दिवशी रटरटत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. १९४० च्या सुमारास हिस्सारच्या दुष्काळात मोडाचा हरभरा देऊन स्कर्व्ही आटोक्यात आणला गेला. धडा उशिरा का होईना, कोणीतरी गिरवला.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. क-जीवनसत्त्व आचेपुढे टिकत नाही. भट्टीत तास-तासभर भाजलेल्या पावात ते शोधू नये. ते हवे असेल तर कच्ची मोडाची मटकी लिंबू पिळून खावी, नाहीतर उसळ एका वाफेवर उतरवावी. पावाचा गुण गोडीत, पचण्यात आणि खनिजांत. मटकीचा गुण तिच्या कोवळेपणात.

अमेरिकेत मोडाच्या धान्याचा एक पाव यहेज्केल या संदेष्ट्याच्या नावाने फार खपतो. मी कुतूहलाने बायबल उघडून पाहिले. गहू, जव, कडधान्ये, भरड धान्य असे मिसळून भाकर करण्याची आज्ञा तिथे आहे खरी. पण मोडाचा उल्लेख नाही. शिवाय ती आरोग्याची भाकर नव्हेच! यरुशलेमला वेढा पडेल आणि लोक तोलून-मापून अन्न खातील, याची ती खूण होती. रोजचे माप वीस शेकेल, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम. ते वाचताना मला १८७७ साल आठवले. त्या वर्षीच्या महादुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळत असताना, सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रतल, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असे ठरवले. मद्रासच्या डॉक्टर कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि आमच्या इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली. भरल्या पोटी माणूस धान्याचा गुण पाहतो. रिकाम्या पोटी तो फक्त माप पाहतो.

हे मी पुस्तकातूनच शिकलो असे नाही. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जात असे. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो. त्या पिठाला विरी नव्हती. आई तुकडे जोडून जोडून भाकरी करी, आणि तव्यावर फुटलेला भाग स्वतःच्या ताटात घेई. तेव्हापासून आमच्या घरात ज्वारीचा दाणा जमिनीवर पडलेला राहत नाही. आई अजूनही वाकून तो उचलते.

आता राहिला तो लेकराचा प्रश्न. बाळाचे पोट मुठीएवढे. पिठाची पेज दाट केली तर ते गिळत नाही, पातळ केली तर पोटात पाणीच जाते. मोडाचे पीठ हा पेच सोडवते, कारण त्याची पेज शिजूनही पातळ राहते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त धान्य मावते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संस्थेतील मल्लेशी आणि देसिकाचार यांनी युरोपीय सहकाऱ्यांबरोबर १९८१ साली हे नाचणी, ज्वारी आणि मूग यांवर दाखवून दिले. पण आपल्या घरोघर बाळाच्या उष्टावणानंतर नाचणीचे सत्त्व चालत आले आहे, ते दुसरे काय? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. नाचणीच्या मोडात ज्वारीसारखे धुरिन नाही. ज्वारी भाकरीला, मटकी उसळीला आणि नाचणी बाळाला, अशी ही वाटणी कोणा एका शास्त्रज्ञाने केलेली नाही. पण शास्त्राने तिच्यावर शिक्का मारला आहे.

हे सारे मी मुलीला फोनवर सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, ''म्हणजे बाबा, आजीने एका शब्दात सांगितले ते शोधायला तुम्हाला महिना लागला!'' ते खरेच आहे.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. मोड आलेल्या त्या दोन वाट्या ज्वारीचे काय करावे, हा प्रश्न होता. कोंब चोळून काढता आले असते. पण लेकराच्या बाबतीत आई धोका पत्करायला तयार नव्हती, आणि जनावरापुढे टाकण्याचा तर विचारही नको. शेवटी पडलेला एकेक दाणा वेचणारी माझी आई स्वतः ते फडके घेऊन परसात गेली, लिंबाच्या झाडाखाली तिने खुरप्याने उकरले आणि ज्वारी मातीत पुरून वर माती लोटली. हात जोडले. मग घरात येऊन नातीला म्हणाली, ''डब्यात नाचणी आहे का बघ. आज भिजत घातलीस तर चार दिवसांत सत्त्व होईल.''