सन १९०९ : वीस ब्राउनिंगची गोष्ट

निवडणूक जाहीर झाली की अनेक परवानाधारकांना आपापली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. गेल्या विधानसभा निवडणुकीत त्या यादीचा ताळा करण्याचे काम आमच्याकडे आले होते. जमा होणारी बहुतेक हत्यारे म्हणजे साध्या बंदुका. एके दुपारी मात्र एका वयस्क गृहस्थांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले एक जुने पिस्तूल काढून टेबलावर ठेवले. वडिलोपार्जित होते, परवाना वारसाहक्काने त्यांच्या नावावर झालेला होता. हवालदाराने आतील गोळ्यांचे खोके काढून, नळी रिकामी असल्याची खात्री करून नंबर वाचायला ते आमच्या हातात दिले.

आमचे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेपर्यंतचे. हातात कोणतेही यंत्र आले की ते कसे चालते हे आधी मनात येते. पहिली गोष्ट जाणवली ती ही की ते चपटे आहे. रिव्हॉल्व्हरला असतो तसा मधला फुगीर गोल नाही. आकाराच्या मानाने जड, सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. मुठीच्या काळ्या पट्टीवर त्याच पिस्तुलाचे एक छोटे चित्र आणि ‘एफ एन’ ही अक्षरे. डाव्या बाजूला एक लहान खटका, आणि त्याच्या दोन जागांना दोन फ्रेंच शब्द कोरलेले: ‘फ’ म्हणजे आग, ‘स्यूर’ म्हणजे सुरक्षित. बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या एर्स्टाल येथील कारखान्याचे, ब्राउनिंगच्या १९०० सालच्या नमुन्याचे ते पिस्तूल होते.

नंबर उतरवून घेतला आणि सही करून दिली. पण ब्राउनिंग हे नाव डोक्यातून जाईना. कारण हे नाव आम्ही लहानपणी घरात ऐकले होते, तेही दबक्या आवाजात. आमचे पणजोबा १९०९ साली औरंगाबादेस शिकत होते. आमची आजी सांगायची, “त्या साली नाताळच्या सुमारास घरातली सगळी पत्रं चुलीत गेली. मामंजींनी परत कधी औरंगाबादचं नाव काढलं नाही.” का गेली, कोणाची पत्रे होती, हे तिला ठाऊक नव्हते. तिने सासऱ्यांना विचारले नाही आणि आम्ही तिला पुरेसे विचारले नाही. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, की निदान त्या सालाची हकीकत तरी नीट लिहून काढावी.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतील युटाह प्रांतातल्या ऑग्डेन गावचा बंदूक कारागीर. त्याचा जन्म १८५५ चा. १८९७ साली त्याचा बेल्जियमच्या कारखान्याशी करार झाला आणि त्यातून १९०० सालचे हे पिस्तूल बाजारात आले. तोवर खिशात बाळगण्याचे हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर. त्यात पाच-सहा गोळ्यांचे एक गोल चाक असते आणि ते बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोराने फिरते. ब्राउनिंगच्या पिस्तुलात हे काम उडालेल्या गोळीचाच जोर करतो. गोळी पुढे सुटते तेव्हा तिच्या रिकाम्या पुंगळीला मागे धक्का बसतो. त्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंग तो भाग पुन्हा पुढे आणताना मुठीतल्या खोक्यातली नवी गोळी नळीत बसवते. खोक्यात सात गोळ्या. लोक त्याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणत, पण खरे तर ते अर्धस्वयंचलित आहे. गोळी भरणे आपोआप होते, चाप मात्र प्रत्येक वेळी माणसालाच ओढावा लागतो. हा फरक यंत्राचा आहे, पण पुढची हकीकत वाचताना तो ध्यानात ठेवावा.

हे पिस्तूल लाखांच्या संख्येने खपले. कोटाच्या खिशात मावणारे, भरवशाचे आणि नवशिक्यालाही चालवता येणारे. सैन्याधिकारी आणि पोलीस यांनी ते घेतले, तसेच ज्यांच्याजवळ ना सैन्य ना राज्य अशांनीही घेतले. १९०४ साली हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याला याच नमुन्याच्या पिस्तुलाने मारण्यात आले. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन याने जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याच्याही हातात हेच होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ब्राउनिंग हे नाव नाशिकला उच्चारले गेले.

हिंदुस्थानात तेव्हा लिटनसाहेबाच्या अमदानीतला १८७८ चा शस्त्रांचा कायदा होता. हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगता येत नसे, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. उलट खुद्द लंडनमध्ये पोस्टात दहा शिलिंग भरून बंदुकीचा परवाना मिळे आणि पिस्तूल दुकानातून विकत घेता येई. जे हत्यार नाशिकच्या तरुणाला काळ्या पाण्याची वाट दाखवी, तेच लंडनच्या हिंदी विद्यार्थ्याला गिऱ्हाईक म्हणून मिळे. मदनलाल धिंग्रा याने २६ जानेवारी १९०९ रोजी लंडनच्या गॅमेज या दुकानातून कोल्ट कंपनीचे पिस्तूल घेतले. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या जागी तो सुमारे तीन महिने, आठवड्यातून दोन-तीनदा सराव करी. त्या जागेच्या मालकाने न्यायालयात साक्ष दिली, की १ जुलैच्या संध्याकाळी साडेपाचला येऊन त्याने अठरा फुटांवरून बारा गोळ्या झाडल्या व त्यातल्या अकरा निशाणावर बसल्या. त्याच रात्री त्याने कर्झन वायली याला ठार केले. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हे पारशी गृहस्थही त्यात गेले. १७ ऑगस्टला धिंग्रा फासावर गेला.

आता नाशिककडे वळू. १९०० च्या जानेवारीत तेथे सावरकर बंधू आणि त्यांच्या सोबत्यांनी मित्रमेळा काढला. गणेशोत्सवात मेळ्यातून पदे म्हणायची, शिवजयंती करायची, असे त्याचे उघड काम. त्याचीच पुढे १९०४ साली अभिनव भारत ही गुप्त संस्था झाली. आपण ज्या उत्सवाची स्मरणिका वाचत आहोत, त्या उत्सवाच्या मांडवातूनच ही मंडळी पुढे आली. गोविंद कवींच्या पदांनी तेव्हा नाशिकचे मांडव भरत. सरकारचे पहिले लक्ष गेले तेही पदांकडेच. देशभक्तिपर कविता छापल्याबद्दल गणेश ऊर्फ बाबाराव सावरकरांना १९०९ च्या आरंभी अटक झाली आणि ९ जूनला जन्मठेप, काळे पाणी झाले. छापील कवितेला एवढी शिक्षा! नाशिकची तरुण मंडळी पेटली ती या निकालाने.

पिस्तुले मात्र त्याआधीच निघाली होती. १९०९ च्या फेब्रुवारीत विनायकराव सावरकरांनी लंडनमध्ये असताना पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुले व गोळ्या मिळवल्या. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचे काम करणारा चतुर्भुज अमीन मायदेशी निघाला होता. त्याच्या पेटीला खोटा तळ बसवून त्यात ही पिस्तुले घातली गेली. पेटी मुंबईस पोचली तेव्हा बाबाराव पकडले जाऊन काही दिवस झाले होते. माल तरीही ठरलेल्या माणसांच्या हाती पडला. पुढे हाच चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला आणि पेटीचा तळ न्यायालयात सर्वांपुढे उघडा पडला.

अनंत लक्ष्मण कान्हेरे हा मूळचा रत्नागिरीकडचा, वय अठराच्या आसपास. तो राहत होता औरंगाबादेस आणि चित्रकला शिकत होता. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्याच मुलखात. तेथून त्याचा नाशिकच्या मंडळींशी संबंध आला. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे त्याचे तिथले सोबती. लंडनहून आलेल्या वीसांपैकी एक पिस्तूल त्याच्या हाती देण्यात आले.

धिंग्राला लंडनमध्ये भाड्याची जागा, निशाणाचा कागद आणि तीन महिने मिळाले. या मुलाला आपले नवे पिस्तूल हातात आल्यावर काय वाटले असेल? चित्र काढणारा हात. ती चपटी मूठ, अंगठ्याखालचा खटका, पहिल्या गोळीचा मनगटाला बसणारा धक्का. निजामाच्या राज्यात किंवा नाशिकच्या आसपास सरावाला कोणती जागा सोपी असणार? हे सारे आम्ही ठाण्यातल्या टेबलाशी उभे राहून मनात आणले आणि हात थंड पडले हे कबूल करतो.

जिल्हाधिकारी जॅक्सन यांची मुंबईस बदली झाली होती. त्यांच्या निरोपानिमित्त २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. साहेब आत शिरून जागेकडे जात असताना कान्हेरेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच गेले. कान्हेरेला तिथेच पकडले, आणि पकडणाऱ्यांत आपलेच मराठी अधिकारी होते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस आरोपी होते, त्यांपैकी सत्तावीस जणांना शिक्षा झाल्या. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, दुसरी याच वधाला साहाय्य केल्याबद्दल. ग्वाल्हेरलाही नवभारत सोसायटीच्या मराठी तरुणांवर खास न्यायालयापुढे खटला चालला. म्हणजे महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या घरांनाही त्याची झळ पोचली.

येथवर गोष्ट बहुतेकांना थोडीफार ठाऊक असते. तिची दुसरी बाजू आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. मारला गेलेला जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार होता. लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. मुंबई गॅझेटियरच्या गुजरातच्या इतिहासावर त्याने काम केले होते. गुजरात आणि कोकणातील लोकांच्या समजुती, व्रते, ग्रामदैवते यांची माहिती त्याने जमवून ठेवली होती. ती एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने त्याच्या पश्चात १९१४ व १९१५ साली दोन भागांत छापली. कोकणच्या भागात आपल्याच आजी-पणजींचे देव आणि नवस आहेत. बाबारावांना जन्मठेप जॅक्सनने दिली नव्हती, ती सत्र न्यायालयाने दिली. त्याने जिल्ह्याचा अधिकारी या नात्याने खटला वर पाठवला होता. आम्हीही सरकारी नोकर आहोत. वरून आलेल्या कागदावर सही करताना तो कागद कुठे जाऊन पोचेल याचा विचार आपण किती करतो, हा प्रश्न आम्हाला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

मग कोणाची बाजू घ्यायची? कान्हेरेच्या त्यागापुढे आम्ही डोके टेकवतो. अठराव्या वर्षी जीव देणे म्हणजे काय, हे घरात त्या वयाचा मुलगा असला की कळते. त्याच मुलाने उद्या अशी पेटी घरात आणली तर आम्ही काय करू, याचेही उत्तर आम्हाला ठाऊक आहे. आम्ही ती उचलून आधी ठाण्यात नेऊ. ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. तो काळ वेगळा होता हे म्हणणे सोपे आहे, आणि ते खरेही आहे. तेव्हा पदे छापणाऱ्याला काळे पाणी होते. आज आपल्याला मत आहे, न्यायालय आहे, माहितीचा अधिकार आहे. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला आणि त्यात गोरा-काळा भेद उरला नाही. पण चाप मात्र तेव्हाही माणसालाच ओढावा लागे आणि आजही माणसालाच ओढावा लागतो. यंत्र फक्त पुढची गोळी भरून देते.

आम्हाला खरी टोचणी आहे ती चुलीत गेलेल्या पत्रांची. पणजोबांचा त्या मुलाशी काही संबंध होता का? एका गावात, एका वयाचे, मराठी बोलणारे विद्यार्थी. कदाचित ओळख असेल, कदाचित केवळ भीतीने घरच्यांनी सगळेच जाळले असेल. त्या भीतीत लाज वाटण्यासारखे काही नव्हते. नोकरी निजामाची, नातेवाईक इंग्रजी मुलखात, आणि पोलीस दोन्हीकडचे. घर जगवायचे होते, त्यांनी ते जगवले, म्हणून आज आम्ही हे लिहू शकतो. परंतु भीती संपल्यावरही गप्प बसण्याची सवय तशीच राहिली. तीन पिढ्यांत कोणी विचारले नाही. आजी गेली तेव्हा आम्ही नोकरीला लागून चारच वर्षे झाली होती, आणि तिच्याजवळ बसायला आम्हाला वेळ नव्हता.

मंडळाच्या सभासदांना म्हणून एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांची घरे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणीकडून इकडे आली आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पत्रे, वह्या, शाळेचे दाखले, मेळ्याच्या पदांची चोपडी असे काही असेल तर ते रद्दीत घालू नका. उत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर आम्ही मांडवाशेजारच्या खोलीत बसणार आहोत. कागद घेऊन या, तिथेच झेरॉक्स काढून मूळ प्रत लगेच परत देऊ. कागद नसतील तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना घेऊन या. त्यांना बसायला खुर्ची आणि चहा आहे, आणि लिहून घ्यायला वही आम्ही आणली आहे.