तळटीप : चिखलातली वीज

* लेखकाने हा प्रयोग गणपतीपुळ्याच्या वाळूवर कल्पिला आहे, पण तिथे तो साधणार नाही. लाटांनी सतत धुतल्या जाणाऱ्या वाळूत जिवाणूंना खायला फारसे उरत नाही, शिवाय प्राणवायू खेळता असतो. हवा तो उत्तरेकडचा, जयगड खाडीकाठच्या खारफुटीतला चिखल : वर राखाडी, चार बोटे खणला की काळाकुट्ट, नासक्या अंड्याच्या वासाचा. तिथे प्राणवायू पोचत नाही. सेंद्रिय गाळ पचवताना सुटणारे इलेक्ट्रॉन जिओबॅक्टरसारखे जिवाणू एरवी लोहाच्या संयुगांना देतात. ग्रॅफाइटचा तुकडा पुरला तर त्यालाही देतात. दुसरा तुकडा वरच्या पाण्यात सोडून दोन्ही तारेने जोडले की प्रवाह सुरू. (जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडमध्ये पॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९११ मध्येच दाखवले होते.) मात्र हाती येतो जेमतेम अर्धा व्होल्ट, आणि चौरस मीटरमागे काही मिलिवॅट. जयगडलाच १,२०० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे, तेव्हा लेखकाचे ‘गावभर दिवे’ हा निव्वळ उत्साह. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळावर हवामान नोंदवणारा एक तरंगता बोया चालवून दाखवला गेला (२००८). या विजेचा खरा उपयोग अशा, सेल बदलायला कोणी जाऊ शकत नाही त्या ठिकाणी. — संपा.