चांद्याचा कोट कोणाचा?

चंद्रपूर आज कोळशाचे शहर म्हणून ओळखले जाते. पण हे जुने चांदा एका कोटात वसले, आणि तो कोट गोंड राजांनी बांधला. राज्य करणे हा वरच्या वर्णांचाच अधिकार, असे शिकवणाऱ्या व्यवस्थेला हा कोट दगडी उत्तर आहे.

परंपरा सांगते की, खांडक्या बल्लाळशाहाने एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले आणि ससा धावला त्या वाटेवर तट उभारला. दंतकथा बाजूला ठेवू. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि मध्ये सुमारे ११ किलोमीटर घेराचा तट! हे काम एका राजाच्या हयातीत संपले नाही; त्याला पिढ्या लागल्या. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि त्याशिवाय पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे. ते गोंड सत्तेचे चिन्ह.

१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून कोट जिंकला. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चांद्यात फाशी दिले गेले. मग जमिनीखालचा कोळसा निघू लागला. राणी हिराईने महाकालीचे देऊळ बांधले. शहरालगतच्या खाणीलाही महाकालीचेच नाव मिळाले.

पण राजा गोंड होता, एवढ्यावर आपण समाधान मानायचे काय? दंतकथेने ससा लक्षात ठेवला, कुत्रा लक्षात ठेवला. दगड फोडणारा, चुना मळणारा, पाटी वाहणारी बाई विसरली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, मालक बदलला. पण खाणीत उतरणाऱ्याचे नाव इतिहासात अजून कुठे आहे?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी कोणाला वंश विचारला गेला नाही. माणूस असणे पुरेसे होते. कोटाकडे याच नजरेने पाहिले पाहिजे. इथल्या विद्यार्थ्यांनी राजांच्या वंशावळी पाठ कराव्यात, पण त्याआधी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या खाणकामगारांजवळ बसावे आणि त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. तट ज्यांनी रचला त्यांचे शब्द आता मिळणार नाहीत. खाण ज्यांनी खणली त्यांचे अजून मिळतील.