गोल्फमधील शिष्टाचार

गोल्फमधील शिष्टाचार म्हणजे सचोटी, सुरक्षितता, मैदानाची निगा आणि खेळाची गती राखण्यासाठी खेळाडूंनी पाळावयाचे संकेत होत. बहुतेक खेळ पंचाविना होत असल्याने खेळाडूने स्वतःची चूक स्वतः सांगणे अपेक्षित असते. २०१९ पासून हे संकेत नियम १.२ मध्ये समाविष्ट आहेत.

वर्तन

चेंडू कोणाच्या दिशेने गेल्यास ‘फोर’ अशी हाक देतात. उखडलेली हिरवळ पूर्ववत बसवणे, वाळूच्या खड्ड्यातील पाऊलखुणा दाताळ्याने पुसणे आणि इतरांच्या फटक्यावेळी शांत राहणे आवश्यक मानले जाते.

खेळाची गती

एक गट रेंगाळल्यास मागचे सर्व गट खोळंबतात. त्यामुळे पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारण्याची आणि वेगवान गटाला पुढे जाऊ देण्याची शिफारस आहे. चेंडू शोधण्याची मुदत २०१९ मध्ये ५ मिनिटांवरून ३ मिनिटांवर आली. स्ट्रोक प्ले प्रकारात अकारण विलंबास प्रथम एक, दुसऱ्यांदा दोन दंड-फटके व तिसऱ्यांदा अपात्रता अशी शिक्षा आहे.

महाराष्ट्रात

चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (स्थापना १९२७) हा राज्यातील जुन्या क्लबांपैकी एक आहे. कोणत्याही क्लबच्या समितीला स्वतःची आचारसंहिता ठरवून तिच्या भंगासाठी दंड लावता येतो.